कधी मरते?

आमच्या गावाचं नावच तेहतीस.
इथल्या बोलीत त्रेइन्ता-इ-त्रेस.
बाहेरचे हसतात. आम्हाला मोजायची सवय आहे.
तर मोजूनच सांगते:
चार प्लग नवे, कॉइल नवी,
कंडेन्सर दोनदा नवा,
प्लगच्या वायरी माँतेविदेओहून मागवलेल्या, लाल, देखण्या.
आणि माझी प्युजो चारशे चार
भातखाचरांमधल्या सरळसोट रस्त्यावर
मधाच्या अकरा डब्यांसकट
गप्प.

हे सगळं बदललं माझ्या भावानं, वॉशिंग्तोननं.
त्याला रोगाच्या आधी औषध सापडतं.

एलेउतेरियोकडे मी शेवटी गेले,
कारण तो फार हळू आहे, कानानं अधू आहे,
आणि दारात गिऱ्हाईक उभं असलं तरी
हातातला मातेचा कडू हिरवा काढा
नळीनं तळापर्यंत ओढल्याशिवाय उठत नाही.

त्यानं बॉनेटला हात लावला नाही.
"कधी मरते?"
मी म्हटलं, ठिणगी जात असावी.
"काय जातं ते नाही विचारलं. कधी?"

मग मला आठवावं लागलं.
अंगणात तासभर चालते, शिवणयंत्रासारखी,
कोंबड्या खुशाल चाकापाशी झोपतात.
चढाला नाही. चढ ती बैलासारखी ओढते.
मरते ती सपाटीला,
पाय नुसता टेकलेला असताना,
मी शीळ घालायला लागले की.
थांबून किल्ली फिरवली, की लगेच सुरू,
जणू मीच काहीतरी कल्पिलं.

"हां," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे बाही वर सारली.

(आईचं असंच झालं होतं.
तीन डॉक्टर, सात गोळ्या.
चक्कर कधी येते, एवढं कुणी विचारलं असतं
तर तिनं सांगितलं असतं:
मान वर करून
दोरीवर चादरी टाकताना.)

प्लग काढून त्यानं इंजिनच्या अंगाला टेकवला.
फिरव, म्हणाला. फिरवली.
ठिणगी निळी, जाड. कडकडून वाजली,
ते त्याला ऐकू आलं नसणार, पण दिसलं.
वॉशिंग्तोन इथेच हात पुसून मोकळा झाला असता.

एलेउतेरियोनं डिस्ट्रिब्युटरचं झाकण उतरवलं,
पॉइंट मिटलेले ठेवले,
मागच्या दिव्याचा एक जुना बल्ब
बॅटरी आणि त्या चिमुकल्या वायरीच्या मध्ये लटकवला.
बल्ब लागला. पिवळा, निवांत.

मग कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाइप सोडवला
आणि तोंडात धरून ओढला,
अगदी माते ओढतो तसा, गाल आत घेऊन.
आतली पट्टी करंगळीच्या नखाएवढी सरकली.

बल्ब विझला.

सोडला, लागला. ओढला, विझला.
सत्तर वर्षांचा माणूस
चार वेळा ओढून बघत होता,
आणि चौथ्यांदा केवळ मजा म्हणून.

ती वायर त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.
वीतभरही नाही. बाहेरचं आवरण धड, कुठे चीर नाही.
आत तांबं तुटलेलं,
टोकाला टोक टेकवून किती वर्षं
सगळं ठीक असल्याचं सांगत होतं.
नव्या वस्तूंची एवढी वर्दळ झाली तिच्या भोवती,
तिला कुणी ताणून पाहिलं नाही.

कपडे धुण्याच्या मोकळ्या पडलेल्या मोटरमधून
कार्बन ब्रशची मऊ, विणलेली शेपूट त्यानं कापली,
कापडी नळीत ओवली, डाग दिला.
पैसे? वायरीला पैसे कसले.
विचारण्याचे द्या, म्हणाला, आणि दोन बरण्या मध घेतला.
वाटलं होतं त्यापेक्षा एक जास्त.

संध्याकाळी वॉशिंग्तोनचा फोन:
आता कार्ब्युरेटर बदलूया.

गाडी चालते. ओलिमारचा पूल, खाचरं, बगळे,
सरळ रस्ता, अडीच महिने झाले.
तरी अठराव्या किलोमीटरच्या दगडापाशी
शीळ आपोआप थांबते
आणि माझा पाय, कारण नसताना,
जड होतो.